वाड्याचे खांब आणि वाड्यातली बिऱ्हाडे

मुळशीकडच्या एका बंगल्याच्या पडवीत गेल्या वर्षी चार सागवानी खांब पाहण्यात आले. सुरूच्या झाडासारखे खाली भरदार, वर निमुळते होत गेलेले, माथ्यावर केळफुलाची नक्षी. यजमान अभिमानाने म्हणाले, "पेशवाईतले आहेत." कोणत्या वाड्यातले, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या खांबांच्या मधे कोण राहत होते, हा प्रश्न त्यांना पडण्याचे कारणही नव्हते. मला पडला, कारण माझे बालपण नारायण पेठेत अशाच खांबांच्या मधे गेले.

दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. सुतार वाडा खणांत मोजत असे, आणि पुढे घरमालक भाडेही खणांवर ठरवू लागले. आमचे बिऱ्हाड दोन खणांचे होते. वास्तुकलेचे माप आणि भाडेकरूचे माप एकच, ही साधी गोष्ट पुण्याच्या वाड्यांवर लिहिताना आपण विसरतो. त्या विसरण्याचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाडा ही मुळात सत्तेची आणि संपत्तीची वास्तू. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर ही रचनाच सांगते की कोणी कुठवर यायचे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि ज्या उत्पन्नावर हे वाडे उभे होते ते आटत गेले. वारसांत वाटण्या झाल्या, आणि नोकरी-शिक्षणासाठी येणाऱ्यांना खोल्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. सरदाराच्या दिवाणखान्यात फळ्यांची आडभिंत घालून दोन संसार मांडले गेले.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. मालकाला मात्र त्या भाड्यात कौले शाकारणेही परवडेना. त्यानंतर १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. पुढच्या दशकांत फ्लॅट आले. वाडा पाडला की भूखंडाला मोल आणि जुन्या लाकडालाही मोल. उभ्या वाड्याला तेवढे मोल नव्हते.

आता आपल्या साहित्याकडे पाहू. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त विदर्भातल्या जमीनदार घराण्याची पडझड आहे; तिथले दुःख मालकांचे आहे. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' मुंबईतल्या भाडेकरूंची. हसू आणि हळहळ दोन्ही त्यांची. पुण्याचा वाडा या दोहोंच्या मधे अडकला आहे. तो बांधणीने वाडा होता आणि राहणीने चाळ. पण दिवाळी अंकांतून दरवर्षी येणारे 'आमचा वाडा' छापाचे लेख (मीही असे दोन लिहिले आहेत) चाळीतल्या आठवणी सांगतात आणि रुबाब वाड्याचा मिरवतात. तुळशीवृंदावन येते, चौकातली कोजागिरी येते, शेवटी 'ते दिवस गेले' येते. सकाळची संडासापुढची रांग एखाद्या विनोदापुरती येते. खोली देण्याआधी विचारले जाणारे आडनाव मात्र सहसा येतच नाही. आमच्या वाड्यात सगळी बिऱ्हाडे एका जातीची होती, आणि तो योगायोग नव्हता. वाड्यातल्या ज्या एकोप्याचे आपण गोडवे गातो, तो दिंडी दरवाजाबाहेर कोणाला ठेवले यावरही उभा होता.

या लेखांतून जे गाळले गेले, तेच पुढे बाजाराने गाळले. माणसे वजा केली की वाडा ही एक शैली उरते, आणि शैली विकत घेता येते. म्हणून आज खांब फार्महाउसवर जातात, कोनाडे हॉटेलात जातात, आणि नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत 'वाडा संस्कृती' येते. १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने लंडनमधल्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग शिरून मूळ रहिवासी कसे हटतात, हे सांगताना 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द वापरला. तिकडे माणसे गेली तरी घरे जागच्या जागी राहिली. आपल्याकडे माणसेही गेली आणि घरही सुटे होऊन गेले.

जुन्या वस्तू जमवणे म्हणजे दोषच, असे मला म्हणायचे नाही. दिनकर केळकरांनी दारे, दिवे, अडकित्ते गोळा केले आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून पुन्हा उभे केले. पण ते संग्रहालय सर्वांसाठी उघडे आहे, आणि तिथे वस्तूबरोबर ती वापरणारा हातही आठवतो. खासगी पडवीतला खांब ही आठवण देत नाही.

खरा पेच तर अजून उभ्या असलेल्या वाड्यांचा आहे. शनिवारवाडा हे केंद्राचे संरक्षित स्मारक. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. स्मारकासाठी हे योग्यच. पण त्या वर्तुळात राहणाऱ्या माणसांची घरे जुनी होत चालली आहेत. त्यांना दुरुस्तीसाठीही परवानगी लागते, आणि पुनर्बांधणी करता येत नाही. १८२८ च्या आगीत जळालेल्या वाड्याची जोती आपण जपतो, आणि शेजारच्या वाड्यात टेकू लावून राहणाऱ्या म्हातारीला पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस मिळते. वारशाचा खर्च ज्याच्या माथी बसतो, त्याचे नाव वारशाच्या यादीत नसते.

माझी मागणी लहान आहे. वाड्यांचे नकाशे आणि छायाचित्रे करणारे विद्यार्थी, वास्तुविशारद आणि हौशी अभ्यासक यांनी प्रत्येक खणाशेजारी तिथल्या बिऱ्हाडाचीही नोंद करावी: कोण, कुठून आले, किती वर्षे राहिले, कुठे गेले. एखाद्या वास्तूचे जतन झाले असे म्हणण्याआधी, तिथे राहणाऱ्यांचे काय झाले हे विचारावे. आणि आम्ही स्मरणलेख लिहिणाऱ्यांनी आपण मालक होतो की भाडेकरू, हे पहिल्याच ओळीत सांगावे.

मी भाडेकरूचा मुलगा. आमचा वाडा पाडला तेव्हा खांब कुठे गेले, ते मला कळले नाही. आईने मात्र भाड्याच्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्यांवर तारीख आहे, वडिलांचे नाव आहे, आणि 'दोन खण' असे लिहिलेले आहे. त्या वाड्याचा माझ्याकडे उरलेला एवढाच पुरावा, आणि मुळशीच्या पडवीतल्या चार खांबांपेक्षा तो मला अधिक बोलका वाटतो.