परागंदा पुरुष आणि त्याची भाकरी

वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांची दोन चरित्रे विशेष लक्षणीय होत: कन्या सावित्री साहनी यांचे ‘आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन’ (२००८) हे इंग्रजी आणि वीणा गवाणकर यांचे ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’ हे मराठी. एक शीर्षक परसत्तेपुढे न वाकणाऱ्याचा बाणा सांगते, तर दुसरे स्मारकही न लाभलेल्याची उपेक्षा. दोन्ही शीर्षकांची दृष्टी मायदेशाकडेच लागलेली आहे.

तथापि खानखोजे यांचे परदेशातील आयुष्य केवळ प्रतीक्षेत गेले नाही. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकत असता ते गदर चळवळीच्या उभारणीत सामील झाले. पुढे मेक्सिकोत आश्रय घेऊन चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभारल्या. ही नोकरी म्हणजे क्रांतिकार्यातील खंड असे मानले, की चरित्र दुभंगते. भुकेविरुद्धचा तोच लढा मानला, की ते एकसंध होते.

मेक्सिकोने त्यांना याच रूपात ओळखले. शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील दिएगो रिवेरा यांच्या ‘आमची भाकरी’ या चित्रात खानखोजे मेजाच्या अग्रस्थानी बसून पाव वाटीत आहेत. चिरा नव्हता तो मायदेशी. परदेशी तो होता.

१९५५ मध्ये खानखोजे भारतात परतले व १९६७ मध्ये नागपुरास निवर्तले. परदेशस्थाने मागे काय सोडले, एवढेच चरित्रकाराने पाहून भागत नाही. तेथे त्याने कशावर पोट भरले आणि कोणाचे भरले, हाही प्रश्न चरित्राच्या गाभ्याचा होय.