पुरुषांमधील प्रेम आणि संगीत : ‘बेगम बर्वे’, ‘साबर बोंडं’ व ‘गिव्हन’ यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

संगीत नाटकाच्या वैभवकाळात बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) रंगविलेल्या नायिकांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला. रंगमंचावर एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला उद्देशून प्रेमाची पदे गात होता आणि प्रेक्षागृह ‘वन्स मोअर’ देत होते. विदर्भातील दंडारीतही स्त्रीपात्रे पुरुषच करीत आले. त्याही पूर्वी पुरुष संतकवींनी स्त्रीच्या भूमिकेत शिरून विरहिणी आणि गौळणी रचल्या. पुरुषाच्या कंठातून पुरुषाविषयीची आर्तता ऐकण्याची सवय मराठी मनाला अशी जुनीच आहे. अट एवढीच, की त्या कंठाने स्त्रीचे रूप घेतलेले असावे. ही अट काढून टाकली तर गाण्याचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांच्या लैंगिकतेविषयी येथे कोणतेही विधान करावयाचे नाही. विचार करावयाचा आहे तो भावाभिव्यक्तीला मिळालेल्या मुभेचा आणि तिच्या मर्यादांचा.

त्यासाठी एक मराठी नाटक, एक मराठी चित्रपट आणि एक जपानी चलचित्रमालिका निवडली आहे.

‘बेगम बर्वे’ : गाणे आहे, पण सोंगात

सतीश आळेकर यांचे ‘बेगम बर्वे’ हे नाटक पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७९ मध्ये रंगभूमीवर आणले. चंद्रकांत काळे यांनी साकारलेले बर्वे हे एकेकाळी नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीभूमिका करणारे नट होत. तो काळ सरला. आता ते उदबत्त्या विकतात आणि श्यामरावाकडून होणारी पिळवणूक मुकाट्याने सोसतात. दुसरीकडे जावडेकर आणि बावडेकर हे दोन एकाकी कारकून आहेत. जावडेकरांच्या मनात कचेरीतील नलावडेबाई भरल्या आहेत. या दोन स्वप्नांची गाठ पडते, बर्व्यांच्या ठायी जावडेकरांना नलावडेबाई दिसू लागतात आणि संसाराचा खेळ थेट डोहाळजेवणापर्यंत जातो.

या नाटकाकडे सामान्यतः मध्यमवर्गीय स्वप्नरंजनाची आणि गतवैभवाच्या मोहाची शोकांतिका म्हणून पाहिले जाते. ते योग्यच आहे. तथापि, नाट्यपदांचे कार्य लक्षात घेता आणखी एक अर्थ हाती लागतो. बर्व्यांना प्रेमाची स्वतःची अशी भाषा नाही. जी आहे ती पाठ केलेल्या पदांची, म्हणजे उसनी आहे. पद चालू असेतो त्यांच्या इच्छेला घर असते. श्यामराव तो खेळ मोडतो तेव्हा बर्व्यांजवळ काहीच उरत नाही. सोंग उतरताच गाणेही जाते. मराठी संगीत परंपरेने दिलेल्या मुभेची ही सीमा आळेकरांनी अचूक दाखविली आहे.

‘साबर बोंडं’ : सोंग नाही, गाणेही नाही

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तेथे बाळ्या हा शेतकरी बालमित्र त्याला भेटतो. लग्नाचा तगादा दोघांच्याही मागे आहे.

येथे कोणी स्त्रीवेष घेत नाही. दोघे पुरुष पुरुष म्हणूनच एकमेकांजवळ येतात. परंतु या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते गावचे आवाज, दबक्या सुरातली बोलणी आणि लांबलेली शांतता. हे मौन उणीव मानता येत नाही. ज्या घरात ‘लग्न कधी?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो, तेथे न बोलणे हाच जवळिकीचा मार्ग होतो. आनंदच्या आईला मुलाचे मन ठाऊक आहे. तिच्या समजुतीलाही मोठे शब्द लागत नाहीत. काटे काढून पुढे केलेले साबराचे बोंड एखाद्या पदाने सांगितले असते ते सांगून जाते.

‘गिव्हन’ : स्वतःचे गाणे

नात्सुकी किझू यांच्या चित्रकथेवर आधारित ‘गिव्हन’ ही अकरा भागांची मालिका २०१९ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आली. माफुयू या शाळकरी मुलाजवळ तार तुटलेली गिटार आहे. रित्सुका ती दुरुस्त करून देतो आणि त्याला आपल्या वाद्यवृंदात घेतो. ती गिटार माफुयूच्या प्रियकराची, युकीची आहे. युकीने आत्महत्या केलेली आहे. माफुयूला रडता येत नाही, बोलता येत नाही. चालीला शब्द लिहिणे त्याला अखेरच्या क्षणापर्यंत जमत नाही. नवव्या भागात मंचावर तो गातो तेव्हा त्याचे पहिले शोकोच्चारण घडते.

यवतमाळ जिल्ह्यातील वाचकाला हे परके वाटू नये. आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांचे मौन येथील अनेक घरांनी पाहिले आहे. त्या मौनात ‘मी बोललो त्यामुळे तर नव्हे?’ हा प्रश्न असतो. माफुयूच्या मनातही तोच आहे. मात्र त्याचा शोक समाजाच्या लेखी शोकच नाही, कारण त्याच्या नात्याला नाव नाही. आनंदला सुतकाचे नियम तरी आहेत. माफुयूला गाण्याखेरीज दुसरा विधी नाही.

मालिकेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. तिच्यात कुटुंब आणि विवाहसंस्था जवळजवळ पडद्याआड राहतात. रोजी, जमीन, नातेवाईक यांचा दाब त्या प्रेमावर येत नाही. ‘साबर बोंडं’ जे वास्तव सतत समोर ठेवते, ते ‘गिव्हन’ने बाजूला सारल्यामुळेच तेथे गाणे सुलभ झाले आहे.

निष्कर्ष

१. मराठी परंपरेने पुरुषाच्या पुरुषाविषयीच्या आर्ततेला संगीत दिले. परंतु ते बहुधा स्त्रीरूपाच्या आडून दिले.

२. ‘साबर बोंडं’ने हा आडपडदा दूर केला. त्यातील संगीताचा अभाव हा कलात्मक निर्णय असून तो सामाजिक वास्तवाशी सुसंगत आहे.

३. ‘गिव्हन’मधील गाणे उसने नसून पात्राच्या दुःखातून घडलेले आहे. ‘बेगम बर्वे’शी त्याचा मूलभूत भेद येथे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मात्र मान्य झाला नाही. कायद्याने भय काहीसे कमी होते. भाषा तो देऊ शकत नाही. ती साहित्य आणि कला देतात. आपल्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा एखादा विद्यार्थी भ्रमणध्वनीवर जपानी गाण्यात स्वतःचे दुःख शोधत असेल, तर त्याला विरहिणीपासून ‘साबर बोंडं’पर्यंतची वाट मराठीतही आहे, हे सांगणे अध्यापकाचे काम होय. त्या वाटेवरचे स्वतःचे गाणे मराठीत अद्याप पुरेसे लिहिले गेलेले नाही, हेही त्याला प्रामाणिकपणे सांगावे. कदाचित ते त्यालाच लिहावयाचे असेल.