पुतळा आणि सूर्यघड्याळ

दिवाळीच्या अंकात रणाची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. माझी तक्रार आपल्या लेखणीविषयी आहे. रायगड जिल्ह्यातील माणगावच्या तहसील कचेरीपुढे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. त्यांच्यावरचे गौरवलेख वाचू लागलो की सिंह येतो, वाघ येतो, मागोमाग मातृभूमी येते. माणूस मात्र कोठे दिसत नाही.

याउलट त्यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसचे प्रशस्तिपत्र पाहा. सरकारी कागद तो. पण गद्य म्हणून मला कितीतरी सरस वाटतो. १० जुलै १९४४, इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले सारे मेले किंवा जखमी झाले. नाईक तेवढे उरले. ते एकटेच धावले, हातबॉम्ब टाकला, एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलावयास वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच ठार केले. मग त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या. वय अवघे २२. त्या रिकाम्या मॅगझिनपाशी वाचक थबकतो. तेथे सिंहाची उपमा घालून पाहा, प्रसंग लगेच खोटा वाटू लागेल.

मात्र एक गोष्ट त्या कागदातही नाही, आणि ती आपणच लिहावयास हवी होती. ही लढाई कोणाची? १९४२ साली ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि दोनच वर्षांनी पळसगावचा हा पोरगा इंग्रजांच्या सैन्यातून जर्मनांशी लढत होता. समोर हिटलरची फौज, डोक्यावर परक्यांचे राज्य! ‘मातृभूमी’ या शब्दाने ही गाठ सुटत नाही, नुसती झाकली जाते. इटलीत ५० हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले, ५,७८२ कामी आले. त्या सर्वांच्या वाट्याला हीच गाठ आली होती.

घाडग्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, समाधी नाही. २०२३ साली इटलीतील माँतोने गावी त्यांच्या नावे सूर्यघड्याळ उभारले गेले. आपण सारे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्याच्याशी जोडले आहे. वाक्य जरा सोयीचेच. परक्या राजाच्या शिपायाला ऊन थोडे अधिकच लागत असणार. पण कल्पना मला पुतळ्याहून भावली. वेळ पाहावयाची तर सावलीजवळ जावे लागते, आणि जवळ गेलेला माणूस नाव वाचतोच.

माणगावच्या पुतळ्याशेजारी मी त्या प्रशस्तिपत्राचे साधे मराठी भाषांतर लावीन. रिकाम्या मॅगझिनसकट, आणि पगार कोणाचा होता, तेही त्याखाली लिहीन.