छेदातली माणसे

मागच्या वेळी आपण वर्गीकरणाविषयी बोललो. आज एकच कोष्टक घेऊ. १९४८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा अहवाल आला, त्यातले. फुप्फुसाच्या क्षयाचे १०७ रुग्ण. ५५ जणांना औषध आणि अंथरुणावर विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात, हे ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक आकड्यांवरून ठरवून बंद लिफाफ्यांत ठेवलेले. सहा महिन्यांनी एक्स-रे तपासले. तपासणाऱ्यांना रुग्णाचा गट ठाऊक नव्हता.

कोष्टकाच्या सहा ओळी. ‘लक्षणीय सुधारणा’ : २८ विरुद्ध ४. ‘मध्यम किंवा थोडी सुधारणा’ : १० विरुद्ध १३. मग बदल नाही, थोडा बिघाड, जास्त बिघाड, आणि शेवटी मृत्यू : ४ विरुद्ध १४.

आता बघा. पहिली ओळ एकटी वाचली तर ५१ टक्के आणि ८ टक्के, सहापटीहून जास्त फरक. पहिल्या दोन ओळी मिळवल्या तर ६९ आणि ३३, म्हणजे दुपटीच्या आसपास. रुग्ण तेच. ओळ कुठे आखायची हे मोजायच्या आधी ठरतं, आणि ते मोजून ठरत नाही.

पण आम्हाला मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. मृत्यूची ओळ त्याच कोष्टकात, त्याच छेदात ठेवली आहे. एक्स-रेच्या कोष्टकात मृतांना कशाला घ्यायचं, असं कुणी सहज म्हणालं असतं. त्यांना वगळलं की ६९ चे ७५ होतात आणि ३३ चे थेट ४५. ज्या गटात माणसं जास्त मेली, तोच जास्त सुधारलेला दिसू लागतो! हल्लीच्या अहवालांत ‘उपलब्ध रुग्णांपैकी’ असे शब्द दिसले की आम्ही पेन्सिल घेऊन बसतो; घरचे हसतात, हसोत.

तरी तक्रार आहे. अहवालाबद्दल नव्हे, तो शिकवणाऱ्यांबद्दल, आणि त्यांत आम्हीही आलो. कित्येक वर्षे वर्गात आम्ही सहा महिन्यांवरच थांबलो. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा औषधाच्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ जण गेलेले होते. जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे तर मूळ अहवालातच नोंदलं होतं. आम्ही फळ्यावर काढायचो त्या कोष्टकात त्याला ओळ नव्हती.