‘स्प्रिंग’ : अमरपट्टा की सोबत?

भयपट म्हटला की आपली वडीलधारी मंडळी तोंड फिरवतात आणि प्रेमकथा म्हटली की तरुण मंडळी गालात हसतात. जस्टिन बेन्सन व आरन मूरहेड या अमेरिकन जोडीचा ‘स्प्रिंग’ (2014) हा चित्रपट दोन्ही जातींचा आहे आणि शिवाय विज्ञानकथाही आहे. मोठ्या स्टुडिओचे पाठबळ नसता लेखन बेन्सनने, छायाचित्रण मूरहेडने आणि दिग्दर्शन दोघांनी मिळून केले आहे.

कॅलिफोर्नियातल्या इव्हनची आई कर्करोगाने जाते. पाठोपाठ मारामारीपायी नोकरीही जाते, आणि तो इटली गाठतो. तिथे एका वृद्ध विधुर शेतकऱ्याकडे काम करून पोट भरतो. आईबापांच्या कबरी मागे ठेवून परमुलखात आलेल्या आपल्या वाचकांना हा भाग वेगळा समजावून सांगायला नको. हाताला काम आणि डोक्यावर छप्पर मिळाले म्हणजे दुःख संपत नाही, पण दिवस ढकलता येतो. लू टेलर पुची याने हे फारसे न बोलता दाखवले आहे.

मग लुईझ भेटते. नादिया हिल्कर हिने ही भूमिका डौलाने केली आहे. लुईझ दोन हजार वर्षे जगते आहे. दर वीस वर्षांनी, वसंतात, तिला गर्भ राहतो आणि त्याच्या पेशी वापरून तिचे शरीर नवे होते. या पालटाच्या काळात तिच्या अंगावर उत्क्रांतीतील जुन्या प्राण्यांची रूपे उमटतात. मात्र तिला खरे प्रेम जडले, तर ‘ऑक्सिटोसिन’ नावाच्या संप्रेरकामुळे हे चक्र तुटेल आणि ती आपल्यासारखीच म्हातारी होऊन मरेल. शास्त्र म्हणून हे टिकणारे नाही, पण चेटूक न मानता शरीरधर्म मानल्यामुळे भीतीची जागा कुतूहल घेते, आणि तीच या चित्रपटाची खरी करामत आहे.

माझी तक्रार निराळी आहे. प्रेम जडले की नाही याचा निवाडा शरीरच करणार असेल, तर त्यात त्याग कसला? आपल्या रूथची गोष्ट आठवावी. अर्पा माघारी गेली, म्हणजे परतीची वाट उघडी होती, आणि तरीही रूथ सासूबरोबर चालत राहिली. म्हणून तिचे मोठेपण. लुईझच्या बाबतीत लेखकाने ही वाट रसायनावर सोपवून अर्धी बुजवली आहे.

तरी अर्धी उरते, हेही सांगितले पाहिजे. पालटाला थोडेच दिवस उरले असता ती इव्हनला टाळू शकली असती, पण ती त्याच्याबरोबर प्रवासाला निघते. इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियसने गाडलेल्या पाँपेईच्या अवशेषांतून ही दोघे हिंडतात. दगड झालेल्या त्या नगरात चिरंजीव लुईझ एकाकी वाटते, आणि मरणाधीन इव्हन भाग्यवान. तो प्रसंग पाहताना माझी तक्रार बरीच निवळली.

शेवट सांगून रसभंग करीत नाही. काही दृश्ये किळसवाणी व काही उघडीवाघडी आहेत, तेव्हा मुलांना निजवूनच हा चित्रपट पाहावा. नवराबायकोंनी मात्र तो जोडीने पाहावा. पुढे काय निवडले असते यावर घरात वाद झाला, तर पैसे वसूल झाले समजावे.