‘मिलिंदपञ्हा’तील सागल नगर : एक उपेक्षित प्रकरण

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथाचे विवेचन आपल्याकडे सहसा रथाच्या दृष्टान्तापासून सुरू होते. चंद्रपूर-गडचिरोली भागातील विहारांत वर्षावासात जी प्रवचने होतात, त्यांतही राजा मिलिंद, भदंत नागसेन आणि चाक, आस, जू यांपैकी कशातही न सापडणारा रथ एवढेच बहुधा श्रोत्यांपर्यंत पोहोचते. परंतु प्रास्ताविक गाथा संपताच ग्रंथकार जे गद्य लिहू लागतो, त्याचा विषय राजा नाही, रथही नाही. तो एका नगराचे वर्णन करतो. प्राचीन ग्रंथांतील रूढ नगरशोभा समजून हे पान ओलांडले जाते. आमच्या मते संवादाचा अर्थ नेमका तेथेच हातून निसटतो.

सागल म्हणजे संस्कृत ग्रंथांतील शाकल. बहुतेक अभ्यासक त्याचे स्थान आजच्या पाकिस्तानातील सियालकोट येथे मानतात. मिलिंद हा इ. स. पू. दुसऱ्या शतकातील यवन राजा मिनँडर. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरे आढळतात. पाली ग्रंथ सागलला योनकांचे ‘पुटभेदन’ म्हणतो. पुट म्हणजे बांधलेला माल आणि भेदन म्हणजे तो सोडणे. आरमोरी-वडशाच्या बाजारात मोहफुलांची व हिरड्याची गाठोडी सुटताना ज्यांनी पाहिली आहेत, त्या वाचकांना हा शब्द फोड करून सांगण्याची गरज नाही. तटबंदी, चौक, काशी आणि कोटुंबर येथील वस्त्रांची दुकाने, रत्ने, धान्याची कोठारे हे सर्व सांगत असतानाच ग्रंथकार म्हणतो की, येथे सर्व पंथांच्या आचार्यांचे स्वागत होते. माल आणि मत एकाच चौकात उघडले जातात. नागसेन राजाला अट घालतात : वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच मी बोलेन, राजांच्या रीतीने होणार असेल तर नाही, कारण तेथे मतभेद करणाऱ्यास दंड होतो. राजा ती अट मान्य करतो. हा त्याच्या शीलाचा गौरव खराच. पण विरोधी मत ऐकण्याची सवय त्याला या नगराने लावली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

याच शाकलविषयी महाभारताचे कर्णपर्व काय म्हणते? तेथील वाहीक लोकांत मनुष्य प्रथम ब्राह्मण असतो, मग क्षत्रिय होतो, वैश्य आणि शूद्र होतो, नापित होतो आणि पुन्हा ब्राह्मणही होतो, असा त्याचा आक्षेप आहे. जे निंदा म्हणून लिहिले गेले, ते आम्हांस त्या प्रदेशाचे प्रशस्तिपत्र वाटते. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात तथागतांनीही योन-कंबोजांचे उदाहरण दिले आहे : तेथे आर्य आणि दास असे दोनच वर्ण असून आर्याचा दास व दासाचा आर्य होतो. वर्ण जन्मसिद्ध नाही, हे त्यातून सिद्ध होते. मात्र यावरून यवनांच्या नगरांत समता नांदत होती असा निष्कर्ष काढणाऱ्या लेखकांशी आम्ही सहमत नाही. दास तेथे होतेच. शिवाय मिलिंदपञ्हातील सागलच्या गर्दीत क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र हे चारही वर्ण स्वतंत्रपणे मोजलेले आहेत. दिव्यावदानानुसार तर पुष्यमित्राने श्रमणाच्या एकेका शिरासाठी शंभर दीनारांचे इनाम जाहीर केले ते याच शाकलात. नगर एकच, पण त्याच्या परंपरा दोन.

त्यांतील कोणती आपली, हे बाबासाहेबांनी ठरवून दिले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५० साली सुरू झालेल्या महाविद्यालयास त्यांनी मिलिंदाचे नाव दिले आणि परिसर नागसेनवन झाला. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा अशी दोन्ही नावे त्यांनी एकाच भूमीवर ठेवली. यवन महाराष्ट्राला अपरिचित नव्हतेच. नाशिकच्या सतराव्या लेण्यातील लेखात दात्तामित्री नगराचा उत्तरेकडील योनक, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, दाता म्हणून आपले नाव कोरून गेला आहे.

आमच्या भागात भद्रावतीच्या विजासन टेकडीत बुद्धमूर्ती आहेत, लेणी आहेत. पण त्या नगरातील व्यापारी आणि कारागीर भिक्षूंना काय विचारीत, हे सांगणारा ग्रंथ नाही. सागलची स्थिती उलट आहे. त्याचे दगड मातीखाली गेले, संवाद उरला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या नातवंडांच्या हाती तो संवाद आहे. प्रवचनकारांना आमची विनंती एवढीच की, येत्या वर्षावासात पहिल्या दिवशी सागलचे ते पान वाचावे आणि श्रोत्यांना प्रश्न विचारू द्यावेत. रथ दुसऱ्या दिवशी आणता येईल.