ससा कुठे मेला?

चंद्रपूर कसं वसलं ही कथा आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा उलटा राजाच्याच कुत्र्यामागे लागला. राणीने सल्ला दिला की ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेवर नगराचा तट बांधा. हीच कथा अहमदाबादेत अहमदशहाच्या नावावर आहे, साल 1411. विजयनगरचीही तीच, सोळाव्या शतकातला घोड्यांचा पोर्तुगीज व्यापारी फर्नाव नुनिझ ती लिहून ठेवतो. लोकसाहित्याच्या चर्चासत्रात हे तिन्ही ससे शेजारी शेजारी बसवले की काम फत्ते होतं. दुर्बळ बलवानावर उलटतो ती वीरभूमी, सार्वत्रिक कल्पनाबंध, आद्यप्रतीक, यानंतर चहापान.

पण चंद्रपूरचा ससा शेवटी मरतो, त्याचं काय?

मेजर ल्युसी स्मिथ यांच्या 1869 च्या जमाबंदी अहवालाने ही दंतकथा इंग्रजी कागदावर आणली. तिच्यात ससा आधी मोठा फेरा घेतो, मग नागमोडी पळतो आणि एका जागी कुत्रा त्याला धरून मारतो. राणी म्हणते, ससा जिथे वळला आणि जिथे मेला तिथले बुरूज जास्त भक्कम करा, धोका तिथूनच येईल. म्हणजे नगराच्या जन्मकथेतच नगराच्या पराभवाची जागा राखून ठेवली आहे. मे 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा लावून हा तट फोडला. ज्या लोकांनी त्यानंतर ही कथा सांगितली त्यांच्या तोंडी ती निव्वळ शौर्याची कशी राहील? तुलनेच्या फळ्यावर मात्र मेलेला ससा पुसला जातो, कारण त्याला अहमदाबादेत जोडीदार नाही.

मिथकं वाचण्याची जी कला आपल्याकडे चालते, तिच्याबद्दलची माझी तक्रार ही एवढीच आहे. साम्य सापडलं की वाचणारा थांबतो. कथा आपल्या गावाची होते ती साम्य संपतं तिथून.

याचा सर्वांत गमतीशीर नमुना गोंडांचा कुलनायक लिंगो याच्या गाथेचा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानांच्या, म्हणजे गोंडांच्या गाथागायकांच्या, तोंडून ही गोंडी गाथा उतरवून घेतली. 1863 मध्ये नदी ओलांडताना ते बुडाले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपलने 1866 मध्ये छापले. पाच वर्षांनी जेम्स फोर्सिथच्या मध्य भारताच्या जंगलांवरच्या पुस्तकात लिंगो पुन्हा आला, पण चालीत बांधून, आणि ती चाल कुठली, तर लाँगफेलोच्या ‘हायावाथा’ची. लाँगफेलोने ती 1855 च्या त्या काव्यासाठी फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून उचलली होती. म्हणजे फिनलंडचा ठेका, अमेरिकेतल्या आदिवासींचं नाव आणि गोंडांचा लिंगो. इंग्रज वाचकाला हे सगळं ‘आदिम’ म्हणून एकाच पंगतीचं वाटलं यात नवल नाही. गाथा परधानाने म्हणायची, कुळाच्या मेळ्यात म्हणायची, तिच्या मोबदल्यात यजमानाने दान द्यायचं, हे सगळं त्या चालीत वाहून गेलं.

गाथेत तुलनेला खाद्य भरपूर आहे, हे कबूल. भावांच्या बायका लिंगोवर खोटा आळ घेतात आणि भाऊ त्याला मारतात. बायबलातला योसेफ आणि इजिप्तमधली दोन भावांची जुनी कथा आठवावी असाच हा प्रसंग. पण पुढे पूर येतो, मगर गोंडांना पाठीवर घेते आणि दगा देते, कासव तारून नेतं. इथे योसेफ कामाचा नाही. त्या उपकारातून कासवाशी नातं लागतं, ते पाळायचं असतं, आणि कुळाने पुजायच्या देवांच्या संख्येवरून कोणत्या कुळात सोयरीक जुळते, कोणत्या कुळात नाही, हेही लिंगोच्याच व्यवस्थेतून ठरतं. ज्या घरात आजही लग्न ठरवताना आधी देवांची संख्या विचारतात, त्या घराला लिंगो कशाचं प्रतीक आहे हे विचारणं म्हणजे सातबाराला उपमा अलंकार म्हणण्यासारखं आहे.

मराठी मुलखाच्या अभ्यासकांनी काय केलं? दुर्गाबाई भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ने 1956 मध्ये पाया घातला, आणि दुर्गाबाई गोंडांच्या मुलखात स्वतः हिंडल्या होत्या. रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाच्या मागे जाऊन दैवताचे थर कसे सोलायचे ते दाखवलं. सोंथायमर धनगरांबरोबर खंडोबा-म्हसोबांपर्यंत पोचले. ही मोठी कामं आहेत. पण त्यांचा नकाशा भीमा-नीरेच्या खोऱ्यात गच्च भरलेला आणि वैनगंगेकडे विरळ. वैनगंगाकाठचं मार्कंडा शिल्पांसाठी सगळ्यांना माहीत. त्याच तालुक्यातल्या शिवेवरची मातामाय कोणाला माहीत? आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी बोली आणि दंडार हे लोकनाट्य यांवर आयुष्य वेचलं नसतं तर आमच्याबद्दल बोलायला शब्दही उसनेच घ्यावे लागले असते.

गोंड समाजातून झालेलं लेखन वेगळ्या वाटेचं आहे. मोतीरावण कंगालींनी लिंगोकडे कथा म्हणून पाहिलंच नाही, तत्त्वज्ञान म्हणून पाहिलं. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे गोंडांची जी गर्दी लोटते, तिच्यामुळे या मांडणीला बळ आलं. या लेखनातल्या काही व्युत्पत्त्या मला ओढूनताणून केलेल्या वाटतात. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा खटाटोप मला पटलेला नाही. तरीही एका गोष्टीत ते विद्यापीठांच्या पुढे आहेत: कथा कोणाची, हा प्रश्न ते आधी विचारतात.

आता वाघ. नागभीडला राहून प्रतीकांवर लिहायचं आणि वाघ टाळायचा, हे जमत नाही. एका बाजूला घोडाझरीचं अभयारण्य, पलीकडे ब्रह्मपुरीचं जंगल, खाली सिंदेवाही आणि ताडोबा. ताडोबाचं नावच ज्या तारू देवावरून सांगतात, तो गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि तळ्याकाठी देव होऊन बसला. मानसशास्त्राच्या पुस्तकात वाघ म्हणजे आपल्याच मनातली दडलेली हिंस्र बाजू. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. त्या गावात जाऊन मनातल्या वाघावर व्याख्यान देऊन बघावं.

नागभीडच्या आसपास रस्त्यालगत वाघोबाची ठाणी आहेत. मी ज्याच्यापाशी नेहमी थांबतो, तो सिमेंटचा आहे: अंग हळदी रंगाचं, पट्टे डांबरासारखे काळे, जीभ लालभडक, आणि डोळे रंगवणाऱ्याने एक मोठा एक लहान काढलेले. समोर नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्या, दोन हिरव्या बांगड्या. पाठीमागे वनखात्याची पाटी, वाघाचा वावर आहे, एकट्याने जाऊ नका. तिथे बसलेल्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं, याला पुजून वाघ येत नाही का? तो म्हणाला, ‘‘येतेच जी. पण आपून त्याच्या घरात जातो, त सांगून जावं.’’ ही भक्ती आहे की शिष्टाचार, मला अजून ठरवता आलेलं नाही. पाटी आणि ठाणं एकच गोष्ट सांगतात, पण पाटी फक्त माणसाशी बोलते.

आणि आमची रंगभूमी? दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा आणि बैलांचे शंकरपट सुरू झाले की देसाईगंज-वडशाच्या नाट्यमंडळांच्या कचेऱ्या गजबजतात, रात्री दहाला पडदा उघडतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. पण नाटकांच्या जाहिराती वाचा. कुंकू, माहेर, राखी, बाप, दारू, कर्ज. प्रतीकं आहेत, घट्ट कौटुंबिक आहेत, आणि धानाचं चुरणं आटोपून आलेली बाई त्यांवर खरंखुरं रडते, म्हणून मी त्यांना हिणवणार नाही. मात्र ससा, कासव, तारू यांतलं कोणी त्या रंगमंचावर आलेलं माझ्या पाहण्यात नाही. नाटककाराला जंगल फक्त खलनायक पळून जायला लागतं.

दंडारीत गावचे देव अजून आहेत. दंडारीत गडी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, पायांत घुंगरू, ढोलकी मधे, आणि सोंगं यायच्या आधी गावातल्या सगळ्या देवांना एकेक करून हाक घातली जाते. ही हाक दर गावाला बदलते. शेजारच्या गावात मारुतीनंतर मातामाय येते, आपल्या गावात वाघोबा मधे घुसतो. या क्रमात गाव कोणाकोणाला घाबरतं आणि कोणाचं देणं लागतं ते सगळं कळतं. तुलना करायचीच तर अहमदाबादच्या सशाशी करण्याआधी या दोन गावांच्या हाकांची करावी. पण मंडईत मोबाइल वर होतात ते नाच्या आल्यावर. देवांची हाक चालू असते तेव्हा लोक अजून सतरंज्या अंथरत असतात, माइकवाला ‘हॅलो, हॅलो’ करत असतो, आणि ज्या वहीत तो क्रम लिहिलेला आहे ती एखाद्या म्हाताऱ्या गड्याच्या घरी धानाच्या कोठीवर पडलेली असते. तिची झेरॉक्स नागभीडच्या बसस्थानकासमोर सहज निघेल.